बसलेल्या आठजणींचं काय?

पत्र आलंय पुण्यातल्या धनकवडीहून. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

"नमस्कार बाई. मी २४ वर्षांची आहे. विद्यापीठापर्यंत खो-खो खेळले. गेल्या जूनपासून आमच्या भागातल्या मैदानावर १४ वर्षांखालच्या मुलींना शिकवते. एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला रस्ता, एवढंसं मैदान. १५ मुली आहेत. निम्म्या सोसायट्यांमधल्या, इंग्रजी माध्यमाच्या. निम्म्या महापालिकेच्या शाळेतल्या, मागच्या वस्तीत राहणाऱ्या. सगळ्या चपळ आहेत, पण मैदानात एकमेकींशी बोलतच नाहीत. मी कडेवरून ओरडून ओरडून घसा बसवून घेते. एक मुलगी फार वेगवान आहे. तिला कर्णधार केलं, तर ती खोच देत नाही, स्वतःच गडी पकडायला धावते. तिचे वडील कडेला उभे राहून 'सोडू नको, तूच घे' म्हणून ओरडतात. बाकीच्या आठजणी नुसत्या बसलेल्या. संघभावनेवर मी दोनदा बोलले. सिंहगडावर नेलं, तर दोन घोळक्यांत चढल्या आणि दोन वेगवेगळ्या टपऱ्यांवर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. परवा सरावाचा सामना हरलो आणि परतताना रिक्षातच 'तुझ्यामुळे, तुझ्यामुळे' सुरू झालं. सहा आठवड्यांनी किशोरी गटाची जिल्हा स्पर्धा आहे. पहिल्या सामन्यात त्या मुलीला बाहेर बसवू का? म्हणजे तिला कळेल. काय करू, बाई?"

तुझं सिंहगडाचं वाक्य वाचून मला हसू आलं, राग मानू नकोस. संघात एकी नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला उपाय सहल आणि दुसरा भाषण. दोन्ही करून झालंय तुझं. गड चढायला दुसरीचा आवाज लागत नाही, मग मुली आपापल्या मैत्रिणींबरोबर चढणार, त्यात नवल ते काय? खो-खो खेळायला मात्र तो आवाज लागतोच. तो नेमका कशासाठी लागतो, हे या मुलींना कुणी दाखवलेलं नसावं. तू स्वतः खेळून मोठी झालीस, तुझ्या ते अंगात मुरलंय. त्यामुळे ही वेगळी शिकवायची गोष्ट आहे असं तुला वाटलं नाही, इतकंच.

तेव्हा तुझंच मैदान डोळ्यांसमोर आणू. मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, आठजणी बसल्यात, शेजारशेजारच्या दोघींची तोंडं उलट दिशांना. म्हणजे चौघी टाकीकडे बघतायत, चौघी रस्त्याकडे. पाठलाग करणारी टाकीच्या बाजूला आहे, पळणारीही त्याच बाजूला. आता ज्या चौघींना हा सगळा प्रकार समोर दिसतोय, त्यांना खो मिळूच शकत नाही, कारण खो पाठीमागून द्यायचा. आणि ज्यांना मिळणार आहे, त्यांची पाठ तिकडे. बघणारी उठणार नाही, उठणारीला दिसत नाही. मान वळवून बघता येतं, बघतातही सगळ्या. पण मान वळवून बसलेली मुलगी उठताना अर्ध्या पावलानं मागे राहते आणि चांगल्या पळणारीला तेवढं अर्धं पाऊल पुरतं. ते अर्धं पाऊल शेजारणीच्या तोंडून मिळवायचं असतं.

हे भाषण म्हणून सांगू नकोस. करून घे. उद्याच्या सरावात एक पूर्ण डाव चालत खेळा. पळायचं नाही, पळणारीनंही नाही आणि पाठलाग करणारीनंही नाही. मध्येच शिट्टी वाजव, सगळ्यांना आहे तिथे थांबव आणि टाकीकडे पाठ असलेल्या मुलीला विचार, "पळणारी आत्ता कुठे आहे?" ती चुकीचं सांगेल. मग तिच्या शेजारणीला विचार. ती बरोबर सांगेल, कारण तिच्या डोळ्यांसमोरच आहे. असं चार-पाच वेळा झालं की तुला काही समजावून सांगावं लागणार नाही. बारा वर्षांच्या पोरीला "संघभावना ठेवा" म्हटलं तर ती मान डोलावते. "तुझ्या पाठीमागचं तिला दिसतं आणि तिच्या पाठीमागचं तुला" हे मात्र तिला लगेच पटतं.

बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हा पुढचा प्रश्न. इथं थोडं थांबून सांगते, कारण बरेच प्रशिक्षक इथंच घसरतात. "बोला गं, बोला!" असं आपण कडेवरून ओरडतो. मुली घाबरून काहीतरी ओरडायला लागतात. कुणी म्हणतं "उजवीकडे", कुणी "लेफ्ट", कुणी नुसतंच "अगं ए". आता बघ, टाकीकडे तोंड करून बसलेलीची उजवी बाजू ही रस्त्याकडे तोंड करून बसलेलीची डावी. एकीनं "उजवीकडे" म्हणून ओरडलं की शेजारीण बरोबर उलटी वळणार, आणि मग रिक्षात "तुझ्यामुळे" होणारच. आवाज चढवून हे सुटत नाही. कुणाच्या अंगावर अवलंबून नसलेली दिशांची नावं ठरवावी लागतात.

तुझ्या मैदानाला ती आयती आहेत. एक बाजू "टाकी", दुसरी बाजू "रस्ता". दोन खांबांनाही नावं द्या. पलीकडे जे काही असेल ते, चक्की असेल, शाळा असेल, पिंपळ असेल. नावं मुलींना ठरवू दे. तू फक्त दोन अटी घाल: नाव दोन-तीन अक्षरांचं असावं, म्हणजे दमलेल्या श्वासातही तोंडातून निघेल, आणि त्यात 'खो'शी जुळणारा आवाज नको. 'खो' हा शब्द मैदानात खो देण्याखेरीज कशालाच वापरायचा नाही, गमतीतसुद्धा नाही. नाहीतर एखादी खो मिळण्याआधीच उठून उभी राहील आणि फाऊल होईल. स्पर्धेच्या मैदानावर गेल्या गेल्या कर्णधारानं पहिलं काम हेच करायचं: चारही बाजूंना बघून चार नावं ठरवायची आणि सगळ्यांकडून एकदा म्हणून घ्यायची. "मंडप, बस, स्टेज, नळ." झालं.

शब्द तेवढेच. पळणारी बाजू बदलून गेली की "रस्ता". खांबाकडे निघाली की खांबाचं नाव. पळणारी एकेरी साखळी करत, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, निघाली असेल तर "साखळी", गोल पळत असेल तर "गोल". पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नकोत. सूचनांचा भडिमार झाला की मुली पुन्हा गप्प बसतात, आणि या खेपेला तो दोष तुझा असेल.

तुझा घसा बसतो, असं लिहिलंयस. तो बसायला नको. तू बोलत असताना त्या बोलणार नाहीत. मोठं माणूस बोलत असलं की गप्प बसायचं हे त्यांना घरी आणि शाळेत पाच वर्षांच्या असल्यापासून शिकवलेलं आहे. शिवाय स्पर्धेच्या गोंगाटात तुझा आवाज मैदानाच्या मध्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून रोजचा एक डाव असा ठेव की तू तोंडातून अक्षर काढायचं नाही. शिट्टी फक्त फाऊलसाठी. तुझ्या मुली सात मिनिटांच्या डावातली पहिली दोन-तीन मिनिटं वळून वळून तुझ्याकडे बघतील. तू चपलेचा बंद नीट कर, वहीत काहीतरी खरड, पण बघू नकोस. मग एखादी ओरडेल. ती कोण, हे लक्षात ठेव. कधी कधी ती संघातली सगळ्यात कमी पळणारी मुलगी असते.

आता तुझ्या त्या वेगवान मुलीकडे येते. ती खो देत नाही म्हणजे स्वार्थी आहे, असं तू पत्रात सरळ म्हटलेलं नाहीस, पण ओळींच्या मधून दिसतं. मी घाई करणार नाही. तिला जवळ बसवून, एकटीला, हे विचार: "तू खो दिलास तर पुढची वेळेत उठेल असं तुला वाटतं का?" खरं उत्तर बहुतेक "नाही" असेल, आणि ते चूक नसेल. आठजणी मांडी घालून बसल्यासारख्या बसल्या असतील, टाचा जमिनीला टेकलेल्या, हात गुडघ्यांवर, लक्ष रस्त्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे, तर त्यांना खो देऊन गडी सुटतोच. तिनं हे दोन-चारदा पाहिलं आणि ठरवलं की आपणच धरलेलं बरं. त्यामुळे तिला सुधारायचं असेल तर सुरुवात बसलेल्यांपासून कर. चवड्यांवर बसणं, हात पुढे जमिनीवर, वजन पुढे, नजर आपल्या बाजूवर. खो मिळताच पहिलं पाऊल कुठे पडतं ते एकेकीचं बघ. रोज दहा मिनिटं फक्त एवढंच: खो, उठणं, पहिली तीन पावलं. कंटाळवाणं आहे. तरी कर.

मग तिच्याशी नियमांच्या भाषेत बोल. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. पळणारी मात्र दोघींच्या मधून पलीकडे जाऊ शकते, हवी तशी वळू शकते. म्हणजे समोरची मुलगी शुद्धीवर असेल तर एकटीनं तिला धरणं जवळपास अशक्य आहे, पाय कितीही वेगवान असोत. या खेळाच्या नियमांची पहिली बांधणी १९१४ मध्ये आपल्याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर झाली. नंतर नियम पुष्कळ बदलले, पण एकटीच्या दमावर जिंकता येईल असा हा खेळ काही झाला नाही. पाठलाग करणारी म्हणजे पंगतीतली वाढपी. एकाच पानापुढे थांबून राहिली तर बाकीची पंगत उपाशी.

सरावात तिला एक बंधन घाल, आणि तिला एकटीला नको, सगळ्यांनाच: दोन चौकोन, म्हणजे बसलेल्यांच्या दोन जागा, ओलांडले की खो द्यायचाच, गडी हाताच्या अंतरावर असला तरीसुद्धा. पहिले चार दिवस चिडचिड होईल. मग पळणारीला दम घ्यायला जागा उरत नाही हे त्यांच्या लक्षात येईल, कारण दर दोन-तीन सेकंदांनी ताज्या पायांची नवी मुलगी तिच्यामागे लागते. बंधन नंतर काढून टाक. सामन्यात कुठे लांब पळायचं आणि कुठे सूर मारायचा, हे ठरवायची मोकळीक तिच्यासारखीला हवीच.

आणि तुझ्या वहीत एक रकाना वाढव. आपण लिहितो काय, तर गडी कुणी बाद केला. त्याच्या शेजारी लिही, आधीचा खो कुणी दिला. सराव संपला की दोन्ही नावं वाचून दाखव, एकाच आवाजात, दुसऱ्या नावाला मुद्दाम टाळ्या वगैरे न मागता. मुली हुशार असतात. वहीत काय लिहिलं जातं त्यावर त्या आपला खेळ बेततात.

वडिलांचं काय करायचं? सगळ्यांसमोर टोकू नकोस, मुलीचा जीव टांगणीला लागेल. पालकांची एक बैठक घे, मैदानावरच, उभ्या उभ्या, दहा मिनिटांची. सगळ्यांना एकच नियम: टाळ्या वाजवा, नावं घेऊन कौतुक करा, पण खेळ कसा खेळायचा हे कडेवरून सांगू नका, कारण मुलीला मैदानात ज्या आवाजाकडे लक्ष द्यायचंय तो शेजारणीचा आहे. त्यातूनही ते गृहस्थ ऐकले नाहीत तर त्यांच्या हातात ती वही दे. "काका, जरा मदत करा, आज खो कुणी कुणी दिला ते तुम्ही लिहा." वहीत डोकं घातलेल्या माणसाला ओरडायला वेळ कमी मिळतो. शिवाय आपल्या लेकीच्या नावापुढे तो रकाना रिकामा राहतोय हे तुझ्याऐवजी त्यांनाच दिसेल. हे दर वेळी चालतंच असं नाही. काही बाप वही बाजूला ठेवून ओरडतात. तेव्हा सरळ, नम्रपणे, पण ठाम सांगायचं की दादा, सरावाच्या वेळी फाटकाबाहेर थांबा. तू २४ वर्षांची आहेस म्हणून हे बोलायला कचरशील. मैदान तुझं आहे.

आता दोन घोळके. याबद्दल मी जरा स्पष्ट लिहिते. पत्राच्या शेवटी, जाता जाता, तू एक गोष्ट लिहिली आहेस: सरावाची वेळ बदलली की तू व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतेस, आणि "वस्तीतल्या तिघीचौघींच्या घरी एकच फोन, तोही वडील कामावर घेऊन जातात, म्हणून त्यांना कधी कधी कळत नाही." पाऊस आला म्हणून सराव रद्द झाला, तेव्हा त्या मैदानावर येऊन परत गेल्या. एकदा लवकर ठेवलास, तेव्हा त्या उशिरा पोचल्या आणि तू सगळ्यांसमोर बोललीस. हे तुला बारीक वाटलं असेल. त्यांना नाही वाटलं. संघातल्या काही मुलींना निरोप पोचतो आणि काहींना नाही, अशा संघात मुलींनी एकमेकींशी मोकळं बोलावं अशी अपेक्षा कशी करायची? बोलण्याचा पहिला तुटलेला धागा तुझ्याकडचा आहे, तो आधी जोड.

पालकांचा ग्रुप राहू दे, पण सरावाचं खरं ते मैदानावर तोंडी सांगितलेलंच धरायचं. पुढच्या दिवसाची वेळ जाताना सांग, एकीकडून मोठ्यानं म्हणून घे. अचानक बदल झालाच तर निरोप्या जोड्या लाव: राहायला जवळ असलेल्या दोघी, एक सोसायटीतली, एक वस्तीतली. एकीनं दुसरीच्या दारात जाऊन सांगायचं. पाच मिनिटांचं चालणं आहे. पहिल्यांदा एखादी आई कुरकुर करेल, "तिकडे कशाला पाठवता?" म्हणेल. त्या आईशी तू स्वतः जाऊन बोल. फोनवर नको.

बाकी मिसळणं-बिसळणं जाहीर करू नकोस. "आता सगळ्या मैत्रिणी व्हा" असं सांगितलं की त्या आणखी दूर बसतात. मैत्री झाली नाही तरी चालेल, मला तर त्याची फार फिकीर वाटत नाही. शालेय स्पर्धेत याच मुली आपापल्या शाळेकडून एकमेकींसमोर उभ्या राहतील, त्यामुळे थोडं अंतर राहणारच. आपल्याला हवंय ते एवढंच की चौकोनात बसल्यावर शेजारणीनं हाक दिली तर दुसरीचा हात जमिनीवरून सुटावा. म्हणून बसण्याचा क्रम तू ठरव, आणि तो दोन्ही गटांतल्या मुली एकाआड एक येतील असा असू दे. कारण विचारलं तर खेळातलं कारण सांग, ते खरंच आहे: उंच, ठेंगण्या, चटकन उठणाऱ्या, लांब हाताच्या, असं मिसळूनच बसवावं लागतं.

संरक्षणाच्या, म्हणजे पळणाऱ्यांच्या, तुकड्यांनाही हेच लागू. तिघींची तुकडी महिनाभर तीच ठेव. तिघी एकदम आत उतरल्या की आधी कोण अंगावर घेणार, कोण खांबाजवळ राहून दम राखणार, दमली की कुणी पुढे येऊन पाठलाग करणारीला आपल्याकडे वळवायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. तू विचारायचं फक्त, "काय ठरलं?" पहिल्या दिवशी त्या एकमेकींकडे बघतील आणि "काही नाही, ताई" म्हणतील. तरी आत पाठव. लवकर बाद होतील. दुसऱ्या दिवशी काहीतरी ठरवून येतील. बाहेर थांबलेल्या तुकडीचंही एक काम असतं: आतली तिसरी गडी बाद होताच वेळेत आत उतरणं. त्यावर नजर ठेवायला तुझ्या सगळ्यात अबोल मुलीला नेम. तिला बोलतं करायचा हट्ट धरू नकोस. एका शब्दाचं काम दे, "चला" म्हणायचं. एक शब्द तिला जड जात नाही आणि त्या एका शब्दावर तिघी हलतात, हे तिला दिसतं.

रिक्षातल्या भांडणाबद्दल. हरल्यानंतर पहिला अर्धा तास खेळाविषयी काहीच बोलायचं नाही, असा नियम कर. तूही नाही. पाणी, केळी, चिक्की, घरी. चर्चा दुसऱ्या दिवशी, गोल बसून, आणि चर्चेत नावं घेऊन चुका सांगायच्या नाहीत, जागा सांगायची. "खांबावर आपला खो उशिरा पडतो" असं म्हणता येतं. "हिचा खो उशिरा पडतो" असं नाही. सामन्यात फाऊल झाला की मुली मागे वळून एकमेकींकडे रागानं बघतात, तेवढ्यात पळणारीला श्वास मिळतो आणि ती पुढचं मिनिट काढते. त्या क्षणासाठी एक शब्द ठरवा, "पुढचा" किंवा काहीही, आणि बसलेल्यांपैकी कुणीतरी तो लगेच म्हणायचा. एकीला सतत लक्ष्य केलं जातंय, टोपणनावानं चिडवलं जातंय, कपड्यांवरून किंवा डब्यावरून बोललं जातंय असं दिसलं, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच वेळी, त्याच जागी थांबवायचं.

एखाद्या रविवारी सगळ्यांना एकत्र बसवून विश्वचषकाचा अंतिम सामना दाखव. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेला तो पहिलाच खो-खो विश्वचषक. महिला आणि पुरुष दोन्ही गटांत भारतानं नेपाळला हरवलं. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. महिलांच्या अंतिम सामन्याचा निकाल ७८-४० असा लागला होता. तो बघून मुली चक्रावतील, कारण तिथली वेगवान पद्धत आणि गुणांचा हिशेब आपल्या नेहमीच्या डावापेक्षा वेगळा आहे. ते आधी समजावून सांग. मग एकच काम दे: पळणारीकडे बघायचं नाही, बसलेल्यांकडे बघायचं. त्यांच्या माना, हात, चवडे. पहिल्यांदा मुली विसरून पळणारीकडेच बघतील, आपण सगळेच बघतो. पुन्हा लाव.

कर्णधारपदाचं म्हणशील तर आता काढून घेऊ नकोस. स्पर्धा तोंडावर आली असताना काढून घेतलेलं पद ही शिक्षा वाटते आणि मुलगी मनानं संघाबाहेर जाते. त्यापेक्षा काम वाटून टाक. नाणेफेक, पंचांशी बोलणं, संरक्षणाचा क्रम तिच्याकडे राहू दे. आक्रमणात हाका देण्याची सूत्रं दुसरीकडे दे, मधल्या चौकोनात बसणारी, आवाज खणखणीत असलेली जी असेल तिच्याकडे. त्या न बोलायच्या डावांमध्ये सगळ्यात आधी ओरडलेली मुलगी लक्षात ठेव म्हटलं ना, तीच बहुतेक.

सगळं एकदम सुरू करू नकोस. या आठवड्यात निरोपाचं आणि दिशांच्या नावांचं. पुढच्या आठवड्यात बसण्याची पद्धत आणि दोन चौकोनांचं बंधन. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नवीन काही नको.

तुझा शेवटचा प्रश्न: पहिल्या सामन्यात तिला बाहेर बसवू का? नको. बाहेर बसवलेल्या मुलीला फक्त बाहेर बसवल्याचं कळतं, बाकी काही कळत नाही, आणि तुमचा सामना जातो तो वेगळाच. तिला खेळव. पण आक्रमणाच्या सुरुवातीला तिला खांबापाशी उभी करू नकोस, आजवर करत आलीस तशी. तिथून ती एकटीच सुटते. तिला चौथ्या किंवा पाचव्या चौकोनात बसव, दोन्ही बाजूंना वस्तीतल्या मुली, आणि पाठलाग दुसरीला सुरू करू दे. म्हणजे त्या सामन्यात तिला पहिला खो द्यायचा नसेल, घ्यायचा असेल.